धक्का ४.१ चा, पण संगणकाला कळला का?

बालदोस्तांनो, डहाणू म्हटलं की चिकूच्या वाड्या आठवतात ना? पण नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि शेजारच्या तलासरी तालुक्यातली जमीनच थरथरू लागली! धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत छोटे-छोटे धक्के सुरू झाले, ते थांबेचनात. घरांना तडे गेले. लोक रात्री बाहेर, तंबूत झोपू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे भूकंपमापक यंत्रं बसवली. १ फेब्रुवारी २०१९ चा एक धक्का तर ४.१ तीव्रतेचा होता.

आता समजा, तिथल्या एका वर्गाने अशा धक्क्यांची वही केली आणि ती संगणकात भरायची ठरवली. कीबोर्डवर ‘४.१’ टाइप केलं. संगणकाला काय कळलं? संख्या? छे! त्याला दिसली नुसती तीन चिन्हांची माळ : चार, टिंब, एक. अशा माळेला ‘स्ट्रिंग’ म्हणतात.

मग काय गंमत होते बघा हं! समजा, तीन धक्क्यांची खोली आहे ५, ८ आणि १० किलोमीटर. संगणक स्ट्रिंगची क्रमवारी शब्दकोशासारखी लावतो, म्हणजे पहिलं चिन्ह आधी बघतो. म्हणून यादी येते : १०, ५, ८. सर्वांत उथळ धक्का कोणता? तर म्हणे १० किलोमीटरचा! आणि ५ मध्ये ८ मिळवा म्हटलं, तर पायथॉनसारख्या भाषेत उत्तर येतं ५८!

म्हणून स्ट्रिंगची संख्या करावी लागते. कशी? संगणकात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा ४८, एकाचा ४९, असं करत नवाचा ५७. त्यातून ४८ वजा केले की खरी किंमत हाती येते. ‘१०’ मधला पहिला अंक : ४९ वजा ४८, म्हणजे १. त्याला दहाने गुणायचं आणि पुढच्या अंकाची किंमत, ० मिळवायची. झाले दहा! आहे ना आपलं एकक-दशकच?

आपल्या देवनागरी शून्याचा क्रमांक मात्र २४०६ आणि तलासरीच्या सीमेपलीकडच्या गुजराती शून्याचा २७९०. पायथॉनला हे अंकही कळतात. जावास्क्रिप्ट मात्र सरळ सांगते, ‘ही संख्या नाही!’

पण सावध बरं का! ‘४.१’ ची पूर्णांक संख्या करायला सांगितली, तर सी भाषेतली एक जुनी आज्ञा टिंबापाशीच थांबते आणि गुपचूप ४ देते. एवढ्याशा ०.१ ने काय बिघडतं? ४.१ च्या धक्क्यात ४ च्या धक्क्यापेक्षा सुमारे १.४ पट ऊर्जा असते! म्हणून इथे दशांश संख्याच हवी.

त्याहून मोठी फसगत म्हणजे ‘नोंद नाही’. हीच आज्ञा त्याचं शून्य करते. पण शून्य तीव्रतेचे बारीकसे धक्के खरोखरच असतात! न मोजलेला धक्का आणि शून्याचा धक्का, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. अशी जागा रिकामीच ठेवावी.

आणि प्रत्येक आकड्याची संख्या करायची नसते हं. डहाणूचा एसटीडी कोड ०२५२८. त्याची संख्या केली की पुढचं शून्य गायब, आणि फोन लागायचा नाही! ज्याची बेरीज-वजाबाकी करायची ती संख्या; ज्याने नुसती ओळख पटते तो मजकूर.

आता आईबाबांसोबत ठरवा बघू : तुमचे गणितातले गुण, हजेरीचा क्रमांक आणि घराचा पिनकोड. यांतली संख्या कोणती आणि स्ट्रिंग कोणती?