धुक्यातील नौकानयन

धुक्यातील नौकानयन : धुके, मुसळधार पाऊस, हिमवृष्टी, वाळूचे वादळ इत्यादींमुळे दृश्यमानता घटली असता जहाज सुरक्षितपणे चालविण्याची पद्धती. वातावरणविज्ञानात दृश्यमानता १ किमी.पेक्षा कमी झाल्यास त्या स्थितीला धुके म्हणतात. नौकानयनाच्या नियमांत मात्र अंतराची अशी मर्यादा नाही. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरील पावसाळ्यातील दाट सरींनाही हेच नियम लागू पडतात. समुद्रावरील धुके बहुधा उबदार, दमट हवा थंड पाण्यावर आल्याने निर्माण होते. न्यू फाउंडलंडजवळील ग्रँड बँक्स हा भाग यासाठी कुप्रसिद्ध आहे. तेथे गल्फ प्रवाहाकडून येणारी हवा लॅब्राडॉरच्या शीत प्रवाहावर थंडावते.

टक्कर टाळण्यासंबंधीची आंतरराष्ट्रीय नियमावली १९७२ मध्ये संमत झाली व १५ जुलै १९७७ पासून अंमलात आली. एकमेकांस दिसणाऱ्या जहाजांपैकी वाट कोणी द्यावयाची हे तीत ठरवून दिलेले आहे. परस्परांना न दिसणाऱ्या जहाजांच्या बाबतीत ही विभागणी लागू होत नाही. टक्कर टाळण्याची जबाबदारी दोघांवरही सारखीच असते. वेग परिस्थितीनुसार सुरक्षित ठेवावा लागतो व यंत्रे तत्काळ थांबविण्यास वा उलट फिरविण्यास सज्ज असावी लागतात. प्रत्येकी २० नॉट वेगाने समोरासमोर येणारी जहाजे ६ सागरी मैलांचे अंतर अवघ्या ९ मिनिटांत संपवितात.

चालत्या यंत्रजहाजाने जास्तीत जास्त २ मिनिटांच्या अंतराने ४ ते ६ सेकंदांचा एक दीर्घ भोंगा द्यावयाचा असतो; नांगर न टाकता थांबलेल्या जहाजाने असे दोन. शिडाचे जहाज, मासेमारी करणारी नौका इत्यादींनी एक दीर्घ व त्यामागून दोन ऱ्हस्व भोंगे द्यावेत. नांगरलेल्या जहाजावर दर मिनिटास सु. ५ सेकंद घंटा वाजवितात. तथापि आवाजावरून दिशा व अंतर ठरविणे धोक्याचे असते. जॉन टिंड्ल यांनी १८७३ मध्ये इंग्लंडमधील साउथ फोरलंड येथे केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की ध्वनी दाट धुक्यातूनही दूरवर जाऊ शकतो, तर कधी स्वच्छ हवेतच तो अडतो. म्हणूनच समोरून भोंगा ऐकू आल्यास, टकरीचा धोका नाही अशी खात्री नसेल तर, केवळ सुकाणू हाती राहील इतकाच वेग ठेवतात किंवा जहाज पूर्ण थांबवितात.

रडारमुळे हा प्रश्न सुटला असे मानले जाते, ते खरे नाही. दिशाकोन न बदलता अंतर घटत जाणे ही टकरीची खूण होय. ती पडद्यावर एकदोनदा दृष्टी टाकून कळत नाही, क्रमवार नोंद ठेवावी लागते. २५ जुलै १९५६ रोजी नँटुकेटजवळ 'अँड्रिया डोरिया' व 'स्टॉकहोम' ही जहाजे आदळली, तेव्हा दोन्हींवर रडार चालू होते. एक डावीकडे वळले, दुसरे उजवीकडे. ५१ माणसे मृत्युमुखी पडली. आजच्या नियमांनुसार समोरील जहाजासाठी, त्यास आपण मागे टाकीत नसल्यास, डावीकडे वळणे टाळावयाचे असते. वळण मोठे असावे; अंशाअंशाने केलेला बदल दुसऱ्याच्या रडारवर लक्षात येत नाही.

जहाजाची ओळख, स्थान व वेग आपोआप प्रक्षेपित करणारी यंत्रणा आता मोठ्या जहाजांवर सक्तीची आहे. परंतु लाकडी मच्छीमार होड्यांवर ती असेलच असे नाही व रडारवर त्यांचा प्रतिध्वनीही क्षीण उमटतो. १२ मी.पेक्षा आखूड होडीस विहित भोंग्यांचे बंधन नाही. मात्र तांडेलाने २ मिनिटांच्या आत कोणता तरी परिणामकारक आवाज करीत राहिले पाहिजे.