मुलांचीं खेळणीं आणि घरांतील कोनाडा

पोळा जवळ आला कीं आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत खामगांव, मलकापूर, चिखली येथील बाजारांत मातीचे रंगीत बैल विकावयास येतात. मुलें ते हट्टानें घेतात, त्यांची पूजा करतात, घरोघर मिरवितात. आठवडाभरांत एखाद्या बैलाचें शिंग मोडतें, आणि घर झाडतांना कोणी तरी तो केराबरोबर टाकून देतो. सायंकाळीं मूल रडूं लागतें, तेव्हां ‘मोडकाच तर होता’ अशी आपण त्याची समजूत घालतों. त्या दिवसापासून तें आपल्या आवडत्या वस्तू गादीखालीं, कपड्यांच्या घड्यांत लपवूं लागतें, आणि ‘या मुलाला शिस्त म्हणून नाहीं’ ही आपली तक्रार सुरू होते. वस्तु सुरक्षित राहील अशी हक्काची जागा त्याला घरांत मिळालेली नसते, हें आपल्या ध्यानींच येत नाहीं.

मेहकर, देऊळगांव राजा यांसारख्या गांवांतील जुन्या घरांच्या जाड भिंतींत कोनाडे असत. एखादा खालचा कोनाडा मुलांच्या वांट्यास येई. त्यांत सागरगोटे, भोवरा, भातुकलीचीं बोळकीं राहत. मुलाचा हात तेथवर पोंचे, वस्तु डोळ्यांस दिसे, आणि जागाच लहान असल्यामुळें संग्रहही बेताचा राही. आतां भिंती पातळ झाल्या, कोनाडे गेले व खेळण्यांची मोठी पेटी आली. तींत खेळणीं भरणें सोपें. परंतु तळची बाहुली हवी असेल तर सारी पेटी उपडी करावी लागते.

डॉ. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांत पहिलें बालगृह उघडलें. प्रारंभीं तेथील साधनें कुलुपांत असत व शिक्षिका तीं वांटून देई. एके दिवशीं कपाट बंद करावयाचें राहिलें, आणि मुलांनीं आपापलीं साधनें स्वतःच घेतलीं. शिक्षिकेस ती चोरी वाटली. माँटेसरीबाईंना मात्र त्यांत मुलांची निवडशक्ति दिसली. पुढें साधनें बसक्या कपाटांत, ठरलेल्या जागीं राहूं लागलीं. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, तेव्हां शंखशिंपले, बिया, खडे यांचाच साधनें म्हणून उपयोग केला. तेव्हां व्यवस्थेसाठीं फार खर्च लागतो असें नाहीं.

घरीं मुलाच्या छातीइतक्या उंचीवर एक फळी ठोकावी. ठोकळे एका टोपलींत, भातुकली दुसरींत, चित्रांचे तुकडे नाडीच्या पिशवींत ठेवावे. वाचतां न येणाऱ्या मुलासाठीं डब्यावर आंतील वस्तूचें चित्र चिकटवावें. एका वेळीं सहा-सात प्रकारच बाहेर असावेत. उरलेले माळ्यावर ठेवून पंधरवड्यानें अदलाबदल करावी, म्हणजे जुनें खेळणेंही नव्यासारखें वाटतें. घरांत तीन वर्षांखालील भावंड असेल तर मणी, सागरगोटे उंचावर, झांकणाच्या डब्यांत ठेवावे. ते घशांत अडकण्याची भीति असते.

आंवरण्याची वेळ जेवणापूर्वींची ठरवावी व प्रथम कांहीं दिवस आपणही मुलाबरोबर बसावें. ‘सगळें आंवर’ ही आज्ञा मोघम आहे. ‘बैल गोठ्यांत बांध’ म्हटलें कीं मूल आनंदानें उठतें.

मोडक्या खेळण्यांसाठीं एक निराळी टोपली असावी. कांहीं डिंकानें जुळतील. कांहीं टाकावींच लागतील. परंतु टाकण्यापूर्वीं मुलाला विचारावें, आणि शिंग मोडलेला बैल त्याला हवाच असेल, तर पुढील पोळ्यापर्यंत त्यालाही फळीवर जागा द्यावी. मग गादीखालीं लपविण्याचें त्याला कारणच उरणार नाहीं.