पोलिसांचे शस्त्रधारण आणि दहशतवादी हल्ल्यांचा प्रतिबंध

पुण्याच्या शनिवार पेठेत गणेशोत्सवाच्या दिवसांत बंदोबस्तास उभा असलेला पोलीस शिपाई सामान्यतः लाठीधारी असतो. शनिवारवाड्याच्या पटांगणापासून केळकर रस्त्यापर्यंत लोटलेल्या जनसमुदायात एखादा सशस्त्र हल्लेखोर शिरला, तर हा शिपाई काय करू शकेल, असा प्रश्न मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर वारंवार विचारण्यात आला आहे. आणि प्रत्येक शिपायाच्या हाती नित्य शस्त्र असावे, असे त्याचे उत्तरही तितक्याच सहजतेने दिले जाते. ह्या उत्तराची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

महाराष्ट्राच्या पोलीस दलात निःशस्त्र व सशस्त्र अशा दोन शाखा आहेत. हा भेद पदनामांतूनही व्यक्त होतो. ठाण्याचा गस्ती शिपाई पहिल्या शाखेतला. मुख्यालयातील सशस्त्र पोलीस ही दुसरी शाखा असून, तिच्या जोडीला राज्य राखीव पोलीस दल हे स्वतंत्र दल आहे. ही व्यवस्था ब्रिटिश अमदानीतून आली, आणि तिच्या मुळाशी एतद्देशीय शिपायाविषयीचा अविश्वासही होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु एखाद्या व्यवस्थेचा उगम शंकास्पद आहे एवढ्यावरून तिची आजची उपयुक्तता नाकारता येत नाही.

चर्चेत होणारा मुख्य घोटाळा शब्दांचा आहे. प्रतिबंध म्हणजे हल्ला होऊच न देणे; प्रतिकार म्हणजे सुरू झालेला हल्ला लवकर मोडून काढणे. बंदूक हे प्रतिकाराचे साधन आहे. ते प्रतिबंधाचेही साधन ठरते काय, ह्याचा निर्णय हल्ल्याच्या प्रकारावर अवलंबून राहतो, आणि पुण्यापुरते पाहता हा प्रकार पुरेसा स्पष्ट आहे.

१३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जण मृत्युमुखी पडले. स्फोटक एका बेवारशी पिशवीत होते. १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर व त्याच्या आसपास कमी तीव्रतेचे स्फोट घडले. तेथेही सायकलीसारख्या कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या वस्तूंचा आश्रय घेण्यात आला होता. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी घटना तिसरी आहे. १० जुलै २०१४ रोजी दुपारी, शनिवार पेठेला लागून असलेल्या बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरानजीक, फरासखाना पोलीस ठाण्याच्या वाहनतळावर एका मोटारसायकलीत ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला व काही जण जखमी झाले. ही मोटारसायकल साताऱ्याहून चोरलेली होती, आणि ती एका पोलीस कर्मचाऱ्याची होती.

पोलीस ठाणे ही शहरातील ज्या थोड्या जागी शस्त्रे नित्य असतात त्यांपैकी एक जागा. तरीही हल्लेखोराने तेथेच वाहन आणून उभे केले व तो निघून गेला. त्या वाहनतळावरील प्रत्येक शिपायाच्या कमरेला पिस्तूल असते तरी ते कोणावर रोखावयाचे होते? हल्ला करणारा मनुष्य हल्ल्याच्या क्षणी तेथे नसतोच, हे काळनियंत्रित स्फोटकाचे वैशिष्ट्य आहे. अशा प्रसंगी उपयोगी पडू शकली असती ती गोष्ट अगदी वेगळी: साताऱ्यात नोंदलेली चोरी पुण्यातील वाहनतळावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोहोचणे. हे काम कंटाळवाणे, कारकुनी स्वरूपाचे आहे, आणि म्हणूनच बहुधा त्याची मागणी सभांतून होत नाही.

ह्याउलट मुंबईचे उदाहरण आहे, आणि शस्त्रधारणाच्या समर्थकांचा सारा भर न्याय्यपणे त्याच्यावर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये दोन हल्लेखोरांनी पन्नासाहून अधिक माणसे मारली. तेथील पोलिसांपाशी लाठ्या होत्या, आणि मोजक्या जुन्या रायफली. काहींनी त्याही स्थितीत धैर्याने सामना केला, परंतु स्वयंचलित शस्त्रांपुढे ते अपुरे ठरले. येथे हल्लेखोर समोर होता व प्रत्येक मिनिटाला माणसे मरत होती. जवळच चार-सहा सुशिक्षित नेमबाज असते तर प्राणहानी घटली असती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र त्याच रात्रीच्या आणखी दोन प्रसंगांमुळे हा निष्कर्ष मर्यादित होतो. कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे अधिकारी एकाच वाहनात मारले गेले. ते निःशस्त्र नव्हते. किंबहुना राज्यातील उत्तम शस्त्राभ्यासी अधिकाऱ्यांत त्यांची गणना होई. हल्लेखोर नेमके कोठे आहेत ह्याची वार्ता त्यांना नव्हती. त्यानंतर थोड्याच वेळात गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्यांनी केवळ लाठी हाती असताना अजमल कसाबची बंदूक धरून ठेवली व गोळ्या झेलीत प्राण दिले. कसाब जिवंत सापडला. पुढे कटाचा जो उलगडा झाला त्याचा मोठा भाग ह्या एका गोष्टीमुळे शक्य झाला. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात त्याला फाशी देण्यात आले. ह्यावरून लाठी पुरेशी आहे असे जो म्हणेल तो ओंबळे ह्यांच्या बलिदानाचा अपमान करील. परंतु नाकाबंदी यशस्वी झाली ती मोटारीची वार्ता बिनतारी यंत्रावरून वेळेत पोहोचल्यामुळे, हे विसरून चालणार नाही.

परदेशांतील अनुभव ह्याला पूरक आहे. फ्रान्समध्ये पोलीस नित्य सशस्त्र असतात. तरीही ७ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये शार्ली एब्दो ह्या नियतकालिकाच्या कचेरीवर हल्ला झाला आणि मृतांत दोन पोलीस होते. लंडनमध्ये बहुसंख्य शिपायांपाशी बंदूक नसते. तेथे ३ जून २०१७ रोजी लंडन ब्रिजच्या हल्ल्यात आठ जण मारले गेले, परंतु पहिली खबर मिळाल्यापासून आठ मिनिटांत खास सशस्त्र पथकाने तिन्ही हल्लेखोरांना ठार केले. ही आठ मिनिटे अल्पसंख्य, नित्य सरावातील व शहरभर फिरती ठेवलेल्या पथकांचे फळ होत. त्याच शहरात २२ जुलै २००५ रोजी सशस्त्र पोलिसांनी एका निरपराध ब्राझिली तरुणाला आत्मघातकी हल्लेखोर समजून मारले होते, ही त्या व्यवस्थेचीही दुसरी बाजू आहे.

शस्त्रसज्जतेची पराकाष्ठा महाराष्ट्रात पहावयाची तर गडचिरोलीकडे वळावे. तेथील शीघ्र प्रतिसाद पथकाचे १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात मारले गेले. शस्त्र होते, रस्त्याखाली काय पुरले आहे ह्याचे ज्ञान नव्हते.

आता खर्चाच्या बाजूने विचार करावा. पिस्तूल देणे सोपे, ते चालविण्याची सवय टिकविणे कठीण. मुंबईच्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीच्या चौकशीत सरावासाठी काडतुसांचा तुटवडा असल्याचे उघड झाले होते. ज्यांचे मुख्य काम शस्त्र चालविणे हेच होते त्यांची जर ही स्थिती, तर ठाण्याच्या प्रत्येक शिपायाला नित्य सराव कोठून मिळणार? शनिवार पेठेतील बोळांत, मिरवणुकीच्या गर्दीत, सराव नसलेल्या हाताने झाडलेली गोळी हल्लेखोराला लागेल त्यापेक्षा बघ्याला लागण्याचा संभव अधिक. शिवाय गर्दीत शस्त्र हिसकावले जाण्याचा धोका असतो, आणि ओंकारेश्वराच्या घाटावरील वृद्धाला किंवा खानावळीच्या मालकाला शिपायाशी मोकळेपणे बोलण्यात वाटणारा संकोच वाढतो. दुसऱ्या खोलीतील भाडेकरूचे वर्तन विचित्र आहे ही बातमी अशाच बोलण्यातून येते.

शस्त्र पहाऱ्यावर आहे म्हणजे रक्षण झाले, ही समजूत ह्याच पेठेतील इतिहासाला मान्य नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला तो गारद्यांच्या हातून, म्हणजे पेशव्यांच्याच पदरी असलेल्या सशस्त्र सैनिकांकडून. दृष्टांत जुना आहे व तंतोतंत लागू नाही. पण शस्त्राइतकाच ते धरणाऱ्याची निवड, शिस्त व वेतन ह्यांचा विचार करावा लागतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

तेव्हा मुंबईच्या पद्धतीच्या हल्ल्यासाठी शहराच्या मध्यवर्ती भागात काही मिनिटांच्या अंतरावर सुशिक्षित सशस्त्र पथके हवीत, आणि स्थानके व गर्दीची ठिकाणे येथील पहाऱ्यास आधुनिक शस्त्रांची जोड हवी. मुंबई हल्ल्यानंतर महाराष्ट्राने उभारलेला फोर्स वन हा त्या दिशेचा प्रयत्न होय. परंतु त्यासाठी लागणारी काडतुसे, वाहने व सरावाचे तास गस्ती शिपायांत वाटून टाकले तर दोन्हीकडे उणीव राहील. पुण्यावर आजवर आलेली संकटे पिशवीतून, सायकलीवरून व चोरीच्या मोटारसायकलीवरून आली आहेत. फरासखान्याच्या वाहनतळात दुसऱ्या दिवशी उभ्या राहिलेल्या वाहनांचे क्रमांक कोणी पडताळीत होते की नाही, हा प्रश्न पिस्तुलांच्या संख्येआधी विचारावयास हवा.