नकाशात न बसणारी उत्तरं

काही गोष्टी धक्क्याने नुसत्या टिकत नाहीत, सुधारतात. लेखक नसीम तालेब यांनी 2012 मध्ये या गुणाला ‘अँटिफ्रॅजाइल’ म्हटलं. इमारतीला हे कसं लागू व्हायचं? विटा तर धक्क्याने तडकतातच. सुधारू शकतो तो आराखडा, आणि तोही बांधणाऱ्याने कान उघडे ठेवले तर.

गडचिरोलीत चातगावजवळचं ‘सर्च’ संस्थेचं शोधग्राम पाहा. संस्थेचे संस्थापक डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं, दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीत हरवायला होतं, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना आत राहू देत नाहीत, शिवाय तिथे देव नसतो. ही उत्तरं कुठल्या नकाशात बसणार? पण त्यांतूनच झोपड्यांच्या पाड्यासारखा ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’ उभा राहिला, घरच्यांनाही रुग्णासोबत राहता येईल असा. सोबत किती माणसं येतील याचा नेम नसतो. एकसंध वॉर्डात त्याची अडचण होते. सुट्या झोपड्यांत तीच माणसं शुश्रूषेला उपयोगी पडतात. आणि जागा वाढवायची तर बाजूला आणखी एक झोपडी बांधता येते, चालू दवाखान्याला हात न लावता.