पाटीआधी बोटांची शाळा

चार वर्षांच्या मुलाला ‘अ’ गिरवायला बसवले की तो ‘अ’ हटकून वाकडा येतो. मग कुणी रागावते, कुणी पाठीत धपाटाही घालते. पण दोष मुलाचा नसतो. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती मऊ कूर्चेची असतात. सगळी पक्की व्हायला दहाबारा वर्षे लागतात. बोटांना बळ येते ते हातांना काम मिळाल्याने, नुसत्या गिरवण्याने नव्हे.

आता हे काम कुठले? हातखंब्याच्या (गावाच्या नावातच हात आहे, बरं का!) कुठल्याही परसात जा. फणसाची पाने पडलेली असतात, माडाची झावळी असते. पाचएक वर्षांच्या मुलाला दोन पाने एकावर एक ठेवून हिराच्या तुकड्याने टाचायला सांगा. आपण पत्रावळ लावतो तसेच. आपल्याला ते सोपे वाटते. पण एका हाताने पान दाबून धरायचे, दुसऱ्या हाताच्या चिमटीत हीर धरून खुपसायचा, पुन्हा वर काढायचा, उरलेले टोक मोडायचे, आणि पान फाटता कामा नये! पेन्सिलीला हीच चिमूट लागते आणि हाच बेताचा जोर. पहिल्या दिवशी पाने फाटतील. फाटू द्या, फणसाला पानांचा तोटा नाही.

तीन वर्षांच्या मुलाला मात्र हीर नको. त्याला भाकरीच्या पिठाचा गोळा नाहीतर चिकणमाती द्या. ते वळील, थापील, बोटाने खळगे पाडील. पुढे अबोलीचा वळेसर, झावळीच्या पात्यांची एक वर एक खाली अशी चटई. आणखी एक सांगतो. गुंजा दिसायला गोड, पण विषारी. त्या मुलांच्या हाती देऊच नका. चिंचोकेसुद्धा नाकाकानात जातात, तेव्हा जवळ बसा.

ही रीत नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीबाईंची साधने महाग, खेड्याला ती परवडणार कशी? म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आजच्या ‘अंगणवाडी’ या नावामागे हे अंगण आहे.

डावखुऱ्या मुलाचा हात बळेच बदलू नका. तोच त्याचा कामाचा हात.

मग पाटी कधी द्यायची? सदऱ्याची बटणे मूल आपली आपण लावू लागले, शेंग सोलून दाणा अखंड काढू लागले, की खुशाल द्या. पेन्सिल मात्र आखूड, अर्ध्या बोटाएवढी द्या. लांब पेन्सिल मुठीत धरता येते. आखूड तुकडा चिमटीतच धरावा लागतो.