बैठकीची गादी

संस्थानी मुलखात वाढलेल्या माणसापुढे ‘गादी’ हा शब्द उच्चारला, तर त्याला आधी राजाची गादी आठवते, मग सराफ्यातल्या पेढीची, मग एखाद्या गुरुघराण्याची. ज्या गादीवर आपण रोज अंग टाकतो ती बिचारी सर्वांत शेवटी. आज मला या शेवटच्या गादीविषयीच चार शब्द लिहायचे आहेत. गाण्याच्या मास्तराने असल्या विषयाला हात का घालावा, अशी शंका वाचकांना येईल. पण या गादीने मला एक धडा दिला, आणि तो गळ्याशी, म्हणजे आमच्या धंद्याशीच निगडित आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, होळकर दरबारच्या अगदी अखेरच्या वर्षांत तबलजी होते. ज्या इंदुरात नाना पानशांचा पखवाज घुमला, ज्या दरबारात अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ यांची सारंगी वाजली, त्या इंदुरात आपल्यालाही चार दिवस मान मिळाला, याचे अण्णांना फार अप्रूप होते. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम वीस. पुढची सारी हयात त्यांनी शिकवण्यांवर काढली. मी त्यांना पन्नाशीत झालेले शेंडेफळ. दरबार काही मी पाहिला नाही. मी पाहिली ती दरबारच्या पहिल्या पगारातून अण्णांनी भरवून घेतलेली बैठकीची गादी.

सहा फूट लांब, चार फूट रुंद, आत माळव्याचा कापूस, वर पट्ट्यापट्ट्यांचा गादीपाट. हातोदच्या आमच्या घरात शिकवणीच्या खोलीत ती अजून आहे. अण्णा असेतोवर तिची बडदास्त मोठी. नवरात्राआधी घरातल्या गोधड्या, चादरी, अभ्रे धुवायला निघत, तेव्हा ही गादी अंगणात बाजेवर पडायची. वैशाखात पुन्हा एकदा. दुपारी तिची कूस बदलायची, उन्हे कलायच्या आत तिला वेताच्या छडीने झोडपायचे, आणि हे काम अण्णा दुसऱ्या कोणाला करू देत नसत. पाच-सहा वर्षांनी पिंजारी येई. गादी उसवून कापूस पुन्हा फुलवला जाई.

२०१२ साली अण्णा गेले. त्यानंतर मी त्या गादीला कोणाला हात लावू दिला नाही. सौ.ने दोनदा विषय काढला, तो मी उडवून लावला. अण्णांच्या बसण्याने पडलेला खोलगट ठसा मोडेल, असे मला वाटे. मी गादीला मखमली खोळ शिवून घेतली, तीवर दर रविवारी पांढरीशुभ्र चादर घातली, आणि आपण वडिलांची गादी जपली या समाधानात राहिलो. अकरा वर्षे तिने ऊन पाहिले नाही.

माझ्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी शिकायला येते. गळा गोड, सुराला पक्की. त्या भाद्रपदात मात्र तिचे काहीतरी बिनसले. गादीवर येऊन बसली की पाच-दहा मिनिटांत शिंका सुरू. षड्ज लावावा तर मध्येच दम तुटे. एके दिवशी मी साऱ्या मुलांदेखत तिला म्हणालो, “श्वास पुरत नाही, म्हणजे रियाज कमी पडतो.” पोर खाली मान घालून गेली. आठ दिवसांनी तिची आई आली. इंदूरच्या डॉक्टरांनी तपासले होते. मुलीला दमा होता आणि घरातल्या धुळीची बाधा होती. डॉक्टरांनी विचारले होते, मुलगी झोपते कशावर, बसते कशावर. ती माउली दारातच उभी राहून म्हणाली, “मास्साब, बुरा मत मानना, पर उस गद्दी पे बैठते ही उसको होता है.”

खरे सांगायचे तर मला राग आला. दरबारी बैठकीच्या गादीला हे बोल! ती गेल्यावर सौ. काही बोलली नाही. तिने फक्त चादर आणि मखमल दूर केली आणि गादीचा एक कोपरा उचलला. पावसाळाभर साठलेला कुबट वास खोलीभर पसरला. मी निमूटपणे उठून गादी अंगणात नेली.

मग मी या धुळीविषयी वाचले, विचारले. आपल्या अंगावरून रोज त्वचेचा सूक्ष्म कोंडा झडत असतो. तो गादीत, उशीत झिरपतो आणि त्यावर कोळ्याच्या जातीचा, आठ पायांचा एक अतिसूक्ष्म किडा जगतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. हॉलंडमधल्या लायडन येथील व्होरहॉर्स्ट आणि स्पिक्स्मा या संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिले की, घरातल्या धुळीने ज्यांना दमा उसळतो त्यांचा खरा वैरी बहुधा हा किडा असतो. किडा चावत नाही. त्याच्या विष्ठेचे कण श्वासावाटे आत जातात आणि श्वासनलिका आवळते. हा किडा पाणी पीत नाही, हवेतली ओल अंगात शोषून घेतो. म्हणजे दमट गादी ही त्याची पाणपोई. ओल तोडली की तो सुकून मरतो. अण्णांना त्या किड्याचे नावगाव ठाऊक नव्हते, पण त्याचा बंदोबस्त ते वर्षातून दोनदा करीत होते.

आता पिंजारी शोधणे आले. यंत्रावर कापूस पिंजून देणारी दुकाने इंदुरात आहेत. पण हाताने पिंजणारे एक वृद्ध मन्सुरीचाचा देपालपूरच्या बाजूला आहेत असे कळले, त्यांना बोलावले. त्यांनी टाके उसवले आणि कापूस बाहेर काढला. अण्णांच्या ठशाच्या जागी तो चपटून नमद्यासारखा घट्ट झाला होता. चाचांनी तोंडाला फडके बांधले आणि आम्हाला लांब बसवले. ते बरोबरच होते. कापसाच्या धुळीने छाती धरते. गिरण्यांच्या पिंजणखात्यातल्या कामगारांना हा विकार जडे, आणि सुटीनंतर कामावर परतण्याच्या दिवशी तो अधिक जाणवे. वैद्यकात त्याला बिसिनोसिस म्हणतात. १९९१ साली इंदूरची हुकूमचंद मिल बंद पडली. आपल्या कितीतरी घरांतल्या गाद्यांमागे असल्या छातीतली खोकल्याची उबळ असेल, हा विचार मला त्या दिवशी प्रथमच आला.

पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीची कमान आणि तिला ताणलेली आतड्याची तात. लाकडी ठोकळ्याने तात छेडली की तिच्या कंपाने कापूस उडतो, तंतू सुटे होतात आणि धूळ खाली पडते. सारंगीच्या मुख्य तारादेखील आतड्याच्याच. चाचांची तात खर्जात बोलत होती. मी ओसरीवर बसून ती ऐकत राहिलो. संध्याकाळी खाली पडलेली धूळ आणि चुरा सुपात भरला तो सव्वा किलो भरला. मी त्यावर बसून मुलांना शुद्ध स्वर शिकवीत होतो!

गृहिणींना यातले बरेच ठाऊक असेल. तरी नव्या संसारांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. कापसाची गादी कधी भिजवू नये. कापूस पाणी लवकर पितो आणि आतून फार सावकाश वाळतो. मग बुरशी धरते. तिला पाणी नको, कडक ऊन हवे. बाजेवर टाकावी म्हणजे खालूनही वारा लागतो. दोन्ही कुशींना तीन-तीन, चार-चार तास ऊन द्यावे. उन्हाने किडा मरतो, पण त्याची घाण आतच राहते. म्हणून गादी अंगणात, तोंडाला फडके बांधून झोडपावी. दम्याच्या माणसाने हे काम करू नये. चादरी व अभ्रे आठवड्याला, हाताला सोसणार नाही इतक्या, म्हणजे साठ अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुवावेत. सकाळी उठल्याबरोबर अंथरूण गुंडाळू नये. अर्धा तास उघडे ठेवावे, रात्रीचा घाम उडून जातो.

लहान मुलाने गादी ओली केली तर चोळू नये. कोरड्या फडक्याने ओल टिपून घ्यावी, थंड पाण्यात थोडा शिरका घालून त्या बोळ्याने डाग पुसावा, सुकल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरावा आणि काही तासांनी तो ब्रशाने झाडून काढावा. सोड्याने आंबूस वास जातो. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावू नये, त्याने तो पक्का होतो. फोमच्या गादीला मात्र उन्हात टाकू नका. उन्हाने फोम पिवळा पडतो, त्याचा भुगा होतो. तिला सावलीतला वाराच बरा. आणि ढेकूण शोधायचे तर शिवणींत आणि टाक्यांच्या खोबणींत शोधावेत.

२०१७ पासून ओळीने सात वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदूरचा गौरव झाला. आपण रस्ता झाडला, ओला-सुका कचरा वेगळा केला, याचा मला अभिमान आहे. पण रस्त्यावरची घाण साऱ्या गावाला दिसते. आपली गादी उचलून पाहणारे फक्त आपणच.

चाचांनी चार किलो नवा कापूस घालून गादी पुन्हा भरली, नव्या गादीपाटावर दाभणाने टाके घातले. अण्णांचा ठसा गेला. पहिल्या रात्री त्या सपाट गादीकडे पाहून मला भडभडून आले, हे लपवीत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेलो आणि जे साऱ्यांदेखत बोललो होतो त्याची माफी तिच्या आईबापांदेखत मागितली. पोर लाजून आत पळाली. काही आठवडे ती चटईवर बसून शिकली. आता गादीवर बसते. गादीने दमा बरा होत नाही. डॉक्टरांचे औषध चालू आहे आणि फवारा तिच्या दप्तरात असतो. पण शिंका थांबल्या, आणि दमही आता पूर्वीसारखा मध्येच तुटत नाही.

मखमली खोळ सौ.ने पेटीत ठेवून दिली आहे. नवरात्र जवळ आले आहे. येत्या रविवारी शिकवणी होणार नाही, असे मुलांना सांगून ठेवले आहे. त्या दिवशी गादी अंगणात असेल.