मोरचुदातला खिळा

हदगावच्या एका बागायतदार वाचकाने विचारलंय : बोर्डो मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी खिळा बुडवून बघायला सांगतात. तांबडा झाला तर आणखी चुना घाला, नाही झाला तर फवारा. पण चुना कमी पडला हे खिळ्याला कळतं कसं? आणि मिश्रण प्लास्टिकच्याच टाकीत करा, असा हट्ट कशासाठी?

प्रश्न फवारणीचा असला तरी उत्तर दहावीच्या पुस्तकात आहे. ‘धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी’ नावाची यादी आपण सगळ्यांनीच परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेली असते. वर पोटॅशियम-सोडियम, मधे जस्त आणि लोखंड, तळाला तांबं, चांदी, सोनं. पेपर झाला की यादी डोक्यातून जाते. हदगाव-अर्धापूरच्या पट्ट्यात मात्र केळीवर करपा दिसला किंवा मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावायची वेळ आली, की ती पुन्हा कामाला लागते.

बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना यांचं बनतं. मोरचूद पाण्यात विरघळलं की त्यातलं तांबं आयनांच्या रूपात मोकळं फिरतं. या प्रत्येक आयनाला दोन इलेक्ट्रॉन कमी असतात. लोखंडाची इलेक्ट्रॉन सोडायची तयारी तांब्यापेक्षा जास्त. त्यामुळे खिळ्यातला लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याला देतो आणि स्वतः आयन होऊन पाण्यात उतरतो. तांबं त्याच्या जागी खिळ्यावर बसतं. म्हणजे खिळ्यावर नुसता रंग चढत नाही, खिळा खरोखर झिजत असतो. गंमत अशी, की झिजूनही त्याचं वजन वाढतं! ५६ ग्रॅम लोखंड गेलं तर साडेत्रेसष्ट ग्रॅम तांबं येतं.

चुना पुरेसा असेल तर तो बहुतेक सगळं तांबं न विरघळणाऱ्या निळसर साक्यात बांधून टाकतो. खिळ्याला अदलाबदल करायला कुणी सापडत नाही, तो जसाच्या तसा बाहेर येतो. मोकळं तांबं बुरशीला मारतं, पण जास्त झालं तर पानंही करपवतं. चुन्यात बांधलेलं तांबं पानावर चिकटून राहतं आणि हळूहळू, थोडं थोडं सुटतं. खिळा एवढंच सांगतो की मोकळं तांबं उरलंय. चुना जास्त झालाय का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

टाकीचं उत्तरही यातच आलं. लोखंडी पिंप किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली म्हणजे एक मोठा खिळाच. तांबं भिंतीवर बसतं, फवारा दुबळा होतो, बादलीला भोकं पडतात.

आता ही यादी केली कुणी? माळेगावच्या यात्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पैलवानाची ताकद कुणी तराजूत मोजत नाही. कोणी कोणाला चीत केलं यावरून क्रम ठरतो. रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय बेकेटोव याने १८६५ साली धातूंचं हेच केलं. एका धातूच्या क्षाराच्या द्रावणात दुसरा धातू टाकायचा आणि कोण कोणाला बाहेर काढतो ते पाहायचं. लोखंड तांब्याला काढतं, तांबं चांदीला काढतं. उलट कधी होत नाही. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. आपल्याकडे विद्यार्थ्यांना यादी पाठ असते, बेकेटोवचं नाव क्वचितच कुणाला. त्याच्याही कितीतरी आधी, सोंग राजवटीतले चिनी लोक खाणीतल्या निळ्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकून तांबं मिळवत होते. युरोपातल्या किमयागारांना तोच प्रकार लोखंडाचं तांबं झाल्यासारखा वाटला.

या आखाड्यात एक पैलवान मात्र फसवा आहे. ॲल्युमिनियम यादीत लोखंडाच्या वर, म्हणून जर्मनच्या पातेल्याने मोरचुदावर तुटून पडायला हवं. ते गप्प बसतं, कारण त्याच्या अंगावर ऑक्साइडचं पातळ चिलखत असतं. द्रावणात चिमूटभर मीठ टाका, क्लोराइड चिलखताला भगदाडं पाडतं आणि मग पातेल्याची धडगत नसते. बोअरचं पाणी खारं असेल तर तेवढंही मीठ टाकायला नको. यादी कोण जिंकेल ते सांगते, किती वेळात ते सांगत नाही. दाढीच्या स्टेनलेस ब्लेडवरही क्रोमियमचं असंच कवच असतं, म्हणून चाचणीला साधा लोखंडी खिळा बरा.

बोर्डो मिश्रणाचा जन्म तर चोरांमुळे झाला. १८७८च्या सुमारास फ्रान्सच्या द्राक्षांवर केवडा रोग पोचला होता. ऑक्टोबर १८८२ मध्ये बोर्दोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेदोक भागातून जात होते. आतल्या वेलींची पानं झडून गेलेली, रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या. त्या ओळींवर निळसर डाग होते. बागेचे व्यवस्थापक एर्नेस्ट दाविद यांनी कारण सांगितलं : येणारेजाणारे द्राक्षं तोडतात, म्हणून कडेच्या वेलींना तांब्याचं काहीतरी फासून ठेवायचं, बघणाऱ्याला वाटतं विष आहे. रस्त्याकडेला ऊस किंवा केळी असणाऱ्याला हे दुःख वेगळं सांगायला नको. मिलार्दे यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती जाहीर केली.

पुस्तकं एवढ्यावर थांबतात, आणि माझी तक्रार तिथेच आहे. रसायनाची बाजू सांभाळली ती पाश्चरचे शिष्य उलीस गेयों यांनी. प्रयोगांसाठी वेली आणि देखरेख दाविद यांची. पान जळू न देता बुरशी मारायची, तर हे काम एकट्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आवाक्यातलं नव्हतं. श्रेय तिघांत वाटायला हवं होतं.

विज्ञानाच्या शिक्षकांना एक विनंती. मोरचुदाच्या द्रावणात खिळा टाकून दाखवायचा प्रयोग तुम्ही करताच. पुढच्या वेळी दुसऱ्या ग्लासात त्याच द्रावणात चुन्याची निवळी ओतत राहा आणि मधून मधून नवा, सँडपेपरने घासलेला खिळा बुडवा. एका क्षणी तो तांबडा व्हायचा थांबेल. वर्गात शेतकऱ्यांची मुलं असतील तर पुढचं तीच सांगतील. प्रयोगानंतर सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा; मोरचूद पोटात जाणं धोक्याचं आहे.